आधी फळा, मग नेट : तिसरी-चौथीच्या वर्गात इंटरनेट कसं शिकवावं

तिसरीतल्या मुलाला मोबाईल चालवायला शिकवावं लागत नाही. लॉक कसं उघडायचं, यूट्यूब कुठे असतं, जाहिरात कितव्या सेकंदाला घालवता येते, हे त्याला आपल्याहून चांगलं ठाऊक असतं. त्याला येत नाही ते वेगळंच. मनात एक प्रश्न धरून नेटवर जायचं, वाटेत शंभर रंगीत गोष्टी दिसल्या तरी प्रश्न सोडायचा नाही, जे सापडलं ते खरं आहे का हे ताडून पाहायचं आणि मग ते स्वतःच्या शब्दांत वहीत उतरवायचं. हे नुसता टॅब हाती दिल्याने येत नाही. गणितातल्या हातच्यासारखं ते बसवून घ्यावं लागतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीचा जोडवर्ग घेते. शाळा कोयनेच्या खोऱ्यात आहे आणि पावसाळ्यात रेंज गेली की कधी येईल याचा भरवसा नसतो. एक टीव्ही, थोडे टॅब आणि शिक्षकांचे मोबाईल एवढंच आमच्याजवळ आहे. पुढचं सगळं अशाच शाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. संगणक कक्ष आणि वायफाय असलेल्यांना यातलं निम्मं काम सोपं जाईल, उरलेलं निम्मं मात्र त्यांनाही आमच्याइतकंच अवघड आहे.

प्रश्न ठरल्याशिवाय टॅब कपाटाबाहेर नको

आधी स्वतःला विचारा, ही गोष्ट मुलांना डोळ्यांनी बघून, हाताने करून किंवा गावातल्या कुणाला विचारून कळेल का? कळणार असेल तर नेटची गरज नाही. कडुलिंबाचं पान बघायला अंगणात जायचं. जत्रा कधीपासून भरते हे गुरवाला किंवा एखाद्या आजीला विचारायचं, गूगलला आपल्या गावची जत्रा माहीतही नसते. बी रुजताना बघायचं असेल तर ओल्या फडक्यात मटकी बांधायची. पडद्यावर मटकीला मोड आलेले दाखवणारे शिक्षक मी पाहिलेत. मला त्याचं नवल वाटतं.

नेट लागतं ते गावात आणता येत नाही अशा गोष्टींसाठी. शेकरूचा आवाज, समुद्राची भरती-ओहोटी, आपल्या ओढ्याचं पाणी पुढे कुठे जातं याचा आकाशातून दिसणारा नकाशा, कालपर्यंत नव्हती अशी बातमी.

मग प्रश्न नीट घडवा. ‘लोणार सरोवराची माहिती शोधा’ हा प्रश्नच नाही. त्यावर मुलं पहिलं पान उघडून पहिला परिच्छेद उतरवतात आणि आपण खाली बरोबरची खूण करतो. ‘लोणारचं पाणी २०२० साली गुलाबी का झालं?’ हा प्रश्न झाला, कारण त्यासाठी शोधावं लागतं, वाचावं लागतं आणि निवडावं लागतं. ‘महाराष्ट्रातील किल्ले’ असा विषय देण्यापेक्षा ‘आपल्या शाळेपासून सर्वांत जवळचा किल्ला कोणता आणि त्यावर पाण्याची टाकी आहेत का?’ असं विचारा. प्रश्न फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि तास संपेपर्यंत पुसू नका. मुलं भरकटली की काही बोलायचं नाही, फळ्याकडे बोट दाखवायचं.

मुलांचे प्रश्न साठवायला एक डबा ठेवा. चिठ्ठीवर प्रश्न लिहून मुलं त्यात टाकतात. आठवड्यातून एकदा डबा उघडून चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे मुलांकडूनच लावून घ्यायचे : नेटला विचारायचे, माणसांना विचारायचे, करून बघायचे. सुरुवातीला सगळेच नेटच्या गठ्ठ्याकडे धावतात. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत गठ्ठे बऱ्यापैकी सारखे होऊ लागतात.

आदल्या संध्याकाळची तयारी

वर्गात जे शोधायला देणार ते आदल्या दिवशी स्वतः शोधून बघा. मुलं जे शब्द वापरतील तेच वापरा, आपले पुस्तकी शब्द नकोत. पहिली चार-पाच पानं उघडून पाहा. त्यात जाहिराती किती, भाषा झेपेल का, नको ती चित्रं आहेत का, हे कळतं. प्रश्नच अवघड ठिकाणी नेत असेल तर तो बदला.

यंत्रांची तयारी एकदाच नीट करायची. टॅबवर स्वतःचं खातं घालू नका, शाळेसाठी वेगळं खातं काढून त्याचा पासवर्ड शिक्षकांकडेच ठेवा. गूगलच्या सेटिंगमध्ये सेफसर्च ‘फिल्टर’वर ठेवा, यूट्यूबचा रिस्ट्रिक्टेड मोड चालू करा आणि ऑटोप्ले बंद करा. या तिन्हींत ऑटोप्ले बंद करणं मला सर्वांत मोलाचं वाटतं. वर्गात गैर काही दिसण्याचे प्रसंग फार थोडे येतात. एक व्हिडिओ संपताच दुसरा आपोआप सुरू झाला आणि तास वाहून गेला, हे मात्र रोजचं. अँड्रॉइडमध्ये सिक्युरिटीच्या सेटिंगमध्ये ॲप पिन करण्याची सोय असते, ती वापरली आणि अनपिन करताना पासवर्ड मागण्याचा पर्यायही चालू ठेवला की मुलाला त्या ॲपमधून बाहेर पडता येत नाही.

स्वतःचा मोबाईल टीव्हीला जोडणार असाल तर आधी ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा. नाहीतर ज्वालामुखीचा उद्रेक चालू असताना ‘येताना कोथिंबीर आणा’ असा निरोप सगळ्या वर्गाला दिसतो, आणि मग ज्वालामुखीकडे कुणी बघत नाही. बँकेचा ओटीपी दिसणं तर आणखी वाईट.

व्हिडिओ आधीच उतरवून ठेवता आला तर ठेवा. गोल फिरणारं चक्र बघत बसलेल्या तीस मुलांना सांभाळणं कठीण असतं.

पहिला तास टॅबशिवाय

नेट म्हणजे मोबाईलच्या आत राहणारा कुणी सर्वज्ञ माणूस, असं बऱ्याच मुलांना वाटतं. ते आधी काढून टाकावं लागतं. त्यासाठी चिठ्ठ्यांचा खेळ घ्या.

दहा-बारा मुलांना एकेक कागद द्या. प्रत्येकावर दोन-तीन ओळी असू द्या, एकावर वाघाबद्दल, एकावर वाघ्या नावाच्या कुत्र्याबद्दल, एकावर वाघनखांबद्दल, एकावर वाघाचं चित्र असलेल्या काडेपेटीची जाहिरात. ही मुलं म्हणजे नेटवरची पानं. एक मुलगी शोधयंत्र होते. बाकीच्यांतला एक जण तिला शब्द देतो. तो ‘वाघ’ म्हणाला की ज्यांच्या कागदावर ‘वाघ’ ही अक्षरं आहेत ते सगळे उठतात, जाहिरातवालासुद्धा. वर्गात हशा पिकतो. मग ‘वाघ काय खातो’ असं विचारलं की उठणारे कमी होतात. ‘वाघ खाद्य जंगल’ म्हटलं की नेमका एखादाच उठतो.

या एका खेळातून तीन गोष्टी मुलांना न सांगता कळतात. शोधयंत्राला उत्तर माहीत नसतं, ते फक्त जुळणारे शब्द असलेली पानं पुढे करतं. (आजची यंत्रं याहून हुशार आहेत, पण तिसरीत एवढं पुरे.) शब्द बदलले की पानं बदलतात. आणि प्रत्येक पान कुणीतरी लिहिलेलं असतं, त्यात जाहिरातवालाही असतो. पुढच्या वेळी एका कागदावर मुद्दाम चुकीची माहिती लिहा, ‘वाघ गवत खातो’ अशी, आणि शिक्षक म्हणून गप्प बसा. कोण हरकत घेतं ते बघा.

एका टॅबला तिघे

प्रत्येक मुलाला एक टॅब हवा, असं वाटतं खरं. माझं मत उलट आहे. या वयात एका टॅबला तिघं हे प्रमाण सर्वांत चांगलं चालतं. सुगता मित्रा यांनी १९९९ साली दिल्लीत कालकाजीच्या एका भिंतीत संगणक बसवला आणि वस्तीतली मुलं कुणी न शिकवता तो वापरू लागली, हा प्रयोग जगभर गाजला. त्याच्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ वादही झाले. मुलांना मोकळं सोडलं की सगळं आपोआप होतं, असं मलाही वाटत नाही. पण पडद्याभोवती घोळक्याने उभी राहिलेली मुलं एकमेकांना शिकवतात, हे मात्र आपल्या वर्गात कुणालाही बघता येईल.

तिघांना कामं वाटून द्या. एक जण टॅब चालवतो, एक मोठ्याने वाचतो, एक लिहितो. दर प्रश्नाला कामं बदलायची. टॅब चालवणाऱ्याने बाकीच्या दोघांना विचारल्याशिवाय काहीही उघडायचं नाही, एवढा एकच नियम ठेवा. ज्याच्या घरी स्मार्टफोन आहे तो टॅब सोडत नाही, आणि मुलींच्या वाट्याला लिहिण्याचं काम येतं. हे हमखास होतं. म्हणून पहिल्या फेरीत टॅब ज्यांना सवय नाही त्यांच्याकडेच द्या.

शब्द लिहिणं

मराठी कीबोर्डवर अक्षरं शोधण्यात या मुलांचा अर्धा तास जातो. त्यापेक्षा गूगलच्या जीबोर्ड या कीबोर्ड ॲपमध्ये मराठीचा हस्तलेखन कीबोर्ड जोडा. मूल बोटाने पडद्यावर ‘पाऊस’ लिहितं आणि ते अक्षरांत उमटतं. अक्षर गिचमिड असेल तर यंत्राला कळत नाही, मग मूल आपणहून नीट काढतं. माझ्या कानीकपाळी ओरडण्याने जे झालं नव्हतं ते याने झालं.

बोलून शोधणं आणखी सोपं, पण पाच गट एकदम बोलू लागले की यंत्र कुणाचंच ऐकत नाही. शिवाय मूल ‘पानी’ म्हणालं तर ते पडद्यावर कसं उमटतं हे बघून त्याला ओशाळं वाटणार नाही याची काळजी घ्या. घरची बोली चुकीची नसते. पडद्यावर काय उमटलं ते वाचायचं, हवं तर हाताने दुरुस्त करायचं आणि पुढे जायचं.

दोन-तीन शब्दांतच शोधायची सवय लावा. आणि खाली येणाऱ्या सुचवण्यांपासून सावध करा. ‘लोणा’ एवढं लिहिलं की लोणावळा समोर येऊ शकतं, आणि मुलं बोट ठेवून मोकळी होतात.

लोणारचा तास

एक तास सविस्तर सांगते, म्हणजे ओघ लक्षात येईल.

फळ्यावर प्रश्न : लोणारचं पाणी २०२० साली गुलाबी का झालं? आधी नकाशात बुलढाणा जिल्हा दाखवला. उल्का आदळून तिथे बेसाल्ट खडकात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर झालं आणि त्यात खारं पाणी साठलं, एवढंच सांगितलं. मग टॅब न देता प्रत्येकाने वहीत अंदाज लिहायचा. कुणी रंग टाकला असं लिहितं, कुणी शेवाळ, कुणी लोणासुर दैत्याची गोष्ट. हे अंदाज पुसायचे नाहीत. अंदाज लिहिलेलं मूल उत्तर शोधताना वेगळ्याच उत्सुकतेने वाचतं, त्याला आपलं बरोबर आलं का ते बघायचं असतं.

मग टॅब. शोधाचे शब्द मुलांनीच ठरवायचे, बहुतेक जण ‘लोणार पाणी गुलाबी’वर येतात. पडद्यावरचा वेळ दहा-बारा मिनिटं, त्याहून जास्त नाही.

एका गटाला जून २०२० ची बातमी सापडते. त्यात क्षार वाढल्याने आणि शेवाळामुळे असं झालं असावं, असं म्हटलेलं असतं. दुसऱ्या गटाला त्यानंतरची बातमी मिळते : पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोअर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे रंग आला असं सांगितलं. उन्हाने पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि हे जीव फोफावले. तिसऱ्या गटाला पर्यटनाचं पान मिळतं, त्यात दैत्यसूदनाचं देऊळ असतं आणि गुलाबी रंगाचं नावही नसतं.

आता टॅब पालथे. फळ्यावर तीन रकाने : कोण सांगतं, कधी सांगितलं, कशावरून. प्रत्येक गटाने आपलं पान यात बसवायचं. जूनच्या बातमीसमोर ‘कशावरून’मध्ये ‘बघून अंदाज’ येतं. नंतरच्या बातमीसमोर ‘पाणी तपासून’ येतं. कोणाचं जास्त धरायचं, हे मुलं स्वतःच सांगतात. इथे घाईने ‘पहिली बातमी खोटी’ असं म्हणू देऊ नका. ती छापली तेव्हा तपासणी झालीच नव्हती. हा फरक चौथीच्या मुलाला कळतो, मोठ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अनेकदा कळत नाही.

मुलं रंगात आली असतील तर दुसरा प्रश्न द्या : लोणारचं विवर किती जुनं? इथे मजा येते. एका गटाला सुमारे ५२,००० वर्षं सापडतात, दुसऱ्याला सुमारे ५ लाख ७० हजार. दोन्ही पानं चांगली, दोन्ही शास्त्रज्ञांचाच हवाला देतात. काही मुलं सरळ बेरीज करून मधला आकडा काढायला निघतात! त्यांना थांबवा. खडकाचं वय काढायच्या पद्धती वेगवेगळ्या असतात. छोटा आकडा एका पद्धतीने निघाला, मोठा आकडा पुढे आर्गॉन वायू मोजून केलेल्या पद्धतीने निघाला. वहीत दोन्ही आकडे लिहायचे आणि पुढे लिहायचं, ‘शास्त्रज्ञांची दोन उत्तरं आहेत.’ प्रश्नाला एकच उत्तर असतं असं शिकत आलेल्या मुलांना हे आधी पटत नाही. ‘बाई, पण परीक्षेत कुठलं लिहायचं?’ हा प्रश्न येणारच. मी हा प्रश्न परीक्षेत घालत नाही.

अशा तासाला काचेच्या पेल्यात मीठ विरघळवून तो उन्हात ठेवायला विसरू नका. दोन-चार दिवसांत पाणी आटून मीठ कडेला दिसलं की ‘खारटपणा वाढला’ याचा अर्थ व्हिडिओशिवाय कळतो.

पानाची तारीख

कोण सांगतं हे ओळखणं लहान मुलांना जड जातं. कधी सांगितलं हे मात्र लगेच जमतं, म्हणून सुरुवात तिथून करा. त्यासाठी सर्वांत चांगला प्रश्न म्हणजे ‘महाराष्ट्रात जिल्हे किती?’ काही पानांवर ३५ सापडतात, काहींवर ३६. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, त्याआधीच्या पानांवर ३५ असणारच. जिल्ह्यांची नावंही तशीच, धाराशिव की उस्मानाबाद, अहिल्यानगर की अहमदनगर, यावरून पान केव्हाचं ते मुलं ओळखू लागतात आणि ते त्यांना गुप्तहेराचं काम वाटतं.

लोकसंख्येचंही असंच. मराठी विश्वकोशातल्या गावांच्या नोंदींत बऱ्याचदा १९७१ किंवा १९८१ च्या जनगणनेचे आकडे असतात. नोंद भक्कम, आकडा जुना. आकड्यासोबत साल लिहिल्याशिवाय तो वहीत घ्यायचाच नाही, असा नियम करून टाका. उलट कळसूबाईची उंची शोधायला दिली की बहुतेक चांगल्या पानांवर १६४६ मीटर मिळते. काही गोष्टी बदलत नाहीत, हेही त्यांना कळायला हवं.

गूगल अर्थवर किंवा इस्रोच्या ‘भुवन’वर आपली शाळा शोधणं हा हमखास आवडणारा कार्यक्रम. कौलं दिसली की आरडाओरडा होतो, तो होऊ द्या. नंतर ओढ्यावर बोट ठेवून पाण्याबरोबर जायला सांगा. आमच्या मुलांचं बोट कोयनेवरून कऱ्हाडला प्रीतिसंगमावर येतं, तिथून कृष्णेला लागून कर्नाटक, तेलंगणा, आंध्र प्रदेश करत बंगालच्या उपसागरात. सह्याद्रीच्या कुशीत, अरबी समुद्राच्या इतक्या जवळ राहून आपलं पाणी दुसऱ्याच समुद्रात जातं, हे नकाशावर बोट फिरवल्याशिवाय कुणालाच खरं वाटत नाही. आणि शाळेची नवी खोली चित्रात नसेल तर विचारा, का नाही? तारखेचा मुद्दा पुन्हा आपोआप येतो.

मराठीत काय हाताशी आहे

फार नाही, पण आपण समजतो तितकं कमीही नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. पुस्तकांतले क्यूआर कोड दीक्षा ॲपने उघडतात, त्यातलं सगळंच दर्जेदार नाही, आधी स्वतः बघून घ्या. क्यूआर कोडचा विचार करताना सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले आठवतात, ज्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि ज्यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला. जिल्हा परिषदेच्या शाळेतून हे होऊ शकतं, एवढं त्यावरून घ्यावं.

वाचनासाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ उत्तम आहे. मराठी गोष्टी पायऱ्यांनुसार लावलेल्या, फुकट आणि छापायलाही मोकळ्या. पहिली-दुसरीला नेटवर काही करायचंच असेल तर टीव्हीवर ही एक गोष्ट सगळ्यांनी मिळून वाचावी, बाकी काही नको. विज्ञानासाठी अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ : टाकाऊ वस्तूंतून खेळणी, मराठी पुस्तकं, छोट्या फिल्म्स. फिल्म बघून झाली की टीव्ही बंद आणि काडेपेट्या, स्ट्रॉ, सायकलची ट्यूब बाहेर.

विश्वकोशाची भाषा चौथीला जड जाते. ती शिक्षकांनी वाचून मुलांना सोपी करून द्यायची. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे, काही लेख उत्तम, काही दोन ओळींचे. तो कुणीही बदलू शकतं, हे मुलांना सांगा, म्हणजे ‘विकिपीडियावर आहे’ हे उत्तर पुरेसं का नाही ते कळेल.

आता शोधाच्या वर कधी कधी एआयने तयार केलेलं उत्तरही येतं, आणि घरी मोठ्या भावंडांकडे चॅटबॉट असतात. या वयात मुलांच्या हाती ते देऊ नये, बहुतेकांच्या अटींतही किमान वय १३ आहे. पण एकदा टीव्हीवर तुम्ही स्वतः आपल्या गावाबद्दल त्याला विचारा. गावाबद्दल तो ठामपणे चुकीचं काही सांगायची शक्यता भरपूर, आणि गावाबाबत मुलं कुणाचं ऐकून घेत नाहीत.

उतरवून काढणं थांबवायचं कसं

टॅब समोर असताना लेखणी हातात नको, हा साधा उपाय. वाचताना फक्त वाचायचं. मग टॅब पालथा ठेवायचा, तिघांनी एकमेकांना काय कळलं ते सांगायचं आणि मगच लिहायचं, तीन ते पाच वाक्यं. पालथ्या टॅबसमोर ‘सदर सरोवर हे जगप्रसिद्ध असून’ असं वाक्य कुणाच्याही वहीत येत नाही. खाली एक ओळ : कुठे सापडलं, केव्हाचं पान. चित्र डाउनलोड करून चिकटवण्यापेक्षा बघून काढायला सांगा.

नाव, फोटो, ओटीपी

भीती घालून काही होत नाही, मुलं फक्त लपवायला शिकतात. तीन गोष्टी पाठ करून घ्या. स्वतःचं पूर्ण नाव, पत्ता, शाळा आणि घरातल्यांचे नंबर कुठेही भरायचे नाहीत. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, ‘मी बँकेतून बोलतोय’ असं कुणी म्हणालं तरी नाही. आणि पडद्यावर काही विचित्र, भीतीदायक किंवा घाण दिसलं तर टॅब पालथा घालून लगेच मोठ्यांना सांगायचं. सांगणाऱ्याला कधीही रागवायचं नाही, हे आपल्यासाठी. एकदा रागावलात की पुढचं मूल सांगायला येणार नाही.

१०९८ हा मुलांच्या मदतीचा आणि १९३० हा ऑनलाइन फसवणुकीचा क्रमांक वर्गाच्या भिंतीवर लावून ठेवा.

आपल्यालाही एक पथ्य आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे आणि तिची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. कायदा बाजूला ठेवला तरी, मुलांचे फोटो नावानिशी व्हॉट्सॲप स्टेटसला टाकून मग मुलांना ‘फोटो टाकू नका’ सांगणं कुणाला पटेल? उपक्रमाचा फोटो हवाच असेल तर हात, वह्या, तक्ते यांचा काढा.

पालकसभेत

पालक दोन टोकांचे भेटतात. एक म्हणतात, ‘बाई, मोबाईल बंदच करा.’ दुसरे अभिमानाने सांगतात की पोरगं दिवसभर शांत बसून मोबाईल बघतं. दोघांनाही वर्गातला एक तास बसून बघायला बोलवा, भाषणापेक्षा त्याचा उपयोग होतो. शाळा व्यवस्थापन समितीला डेटाचा खर्च आणि टॅब कुणाच्या ताब्यात राहतील हे लेखी ठरवून द्या, नाहीतर पुढे वाद होतात.

घरी नेट लागेल असा गृहपाठ देऊ नका. घरात मोबाईल एकच असतो, तो बाबांबरोबर कामावर जातो आणि संध्याकाळी आला तरी आधी दादाच्या हातात पडतो. बहिणीचा गृहपाठ राहतो आणि दुसऱ्या दिवशी बोलणी तिला बसतात. शोधायचं ते शाळेत. घरी न्यायचा तो प्रश्न, आजोबांना विचारायला.

रेंज नसेल तेव्हा

किविक्स नावाचं फुकट ॲप आहे. रेंज असलेल्या ठिकाणी एकदा मराठी विकिपीडिया उतरवून घेतला की तो नेटशिवाय शोधता येतो. स्टोरीवीव्हरच्या गोष्टी आणि पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफही तालुक्याला गेलं की टॅबमध्ये भरून आणा. लाईटच नसेल तर शोधाच्या निकालांचं पान आधी छापून ठेवलेलं असावं. पाच निकाल, त्यांची शीर्षकं आणि तारखा. ‘यातलं कुठलं आधी उघडाल आणि का?’ हा प्रश्न कागदावरही तितकाच चालतो. मला तर कधी कधी कागदावर जास्त बरा वाटतो, कारण मुलांना थांबून वाचावं लागतं.

वर्षाच्या शेवटी तपासायचं असेल तर प्रत्येक मुलाला एकट्याने एक नवा प्रश्न द्या, शेजारी बसा आणि बोलू नका. नोंदवहीत चारच गोष्टी टिपा : शोधाचे शब्द स्वतः निवडले का, पहिलं पान उघडण्याआधी बाकीची शीर्षकं वाचली का, तारीख शोधली का, आणि दुसरं पान उघडून जुळवलं का. तिसरीत पहिल्या दोन जमल्या तरी भरपूर. चौथीच्या वर्गात तिसरी गोष्टही यायला हवी. चौथी गोष्ट पाचवीच्या बाईंसाठी सोडायला हरकत नाही, फक्त नोंदवही त्यांच्या हाती द्या.